दुकानातून परदेशातल्या अनाथाश्रमाला मदत करायचीय? आधी काउंटरवरचा क्यूआर बाजूला ठेवा

मी काही समाजसेवक वगैरे नाही. नाशिकला इंदिरानगरमध्ये चिवडा-फरसाणचं दुकान आहे, मागे भट्टी, पुढे काउंटर, दिवाळीत चार पोरं जादा घेतो एवढाच पसारा. माझा मावसभाऊ केनियात असतो, नैरोबीपासून चाळीसेक किलोमीटरवर थिका म्हणून गाव आहे तिथे पॅकिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला. त्याच्या क्वार्टरजवळ एक छोटा अनाथाश्रम आहे, तीसेक पोरं, आणि हा रविवारी तिथे जाऊन नळ, वायरिंग, पाण्याची मोटर असलं काहीतरी दुरुस्त करून देतो. फोनवर त्याचं ऐकून ऐकून आम्हालाही वाटायला लागलं की आपणही काहीतरी पाठवावं.

हे लिहितोय कारण मी पहिल्या वर्षी सगळं उलटं केलं. दिवाळीच्या आधी काउंटरवर एक पुठ्ठा लावला, "केनियातल्या अनाथ मुलांसाठी यथाशक्ती मदत करा", आणि खाली दुकानाचाच क्यूआर चिकटवला, तोच ज्याच्यावर चिवड्याचे पैसे येतात. आठ-दहा दिवसांत लोकांनी भरभरून दिलं, अडतीस हजाराच्या वर गेलं, मी खूश. मग सीएकडे गेलो तर तो डोक्याला हात लावून बसला. म्हणाला भाऊ, यातले चिवड्याचे कुठले आणि दानाचे कुठले ते मला दाखव, हे लोकांकडून घ्यायची परवानगी दाखव, आणि हे बाहेर पाठवणार कोणाच्या नावावर ते सांग. तिन्हीची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

शेवटी ज्यांचे ज्यांचे सापडले त्यांना परत केले. साउंडबॉक्सवर "वीस रुपये प्राप्त झाले" असं ऐकू येतं तेव्हा ती पाव किलो शेव की दान हे कोण लक्षात ठेवणार, त्यामुळे रोज रात्री बायको आणि मी यादी घेऊन बसायचो, ही रक्कम बिलाशी जुळते का, नाही जुळत म्हणजे दानाची, मग नाव बघून फोन. सहा हजार दोनशे रुपये असे उरले की कोणाचे ते कळेचना. पाटी लावली, दोन महिने वाट बघितली, काहीजण आले, बाकीचे सीएला विचारून इथल्याच एका नोंदणीकृत ट्रस्टला दिले आणि त्याची पावती काउंटरच्या काचेखाली ठेवली. ती अजून तिथेच आहे.

तर जे मी नंतर शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, पैसे गोळा करायची परवानगी. आपल्याकडे गणपती मंडळात काम केलेल्या माणसाला हे माहीत असतं पण दुकानदार म्हणून आपल्या डोक्यात येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चा, त्यातलं कलम ४१ क. नोंदणीकृत ट्रस्ट नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी, देणगी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडे आधी जावं लागतं. मंडळं दरवर्षी जी ऑनलाइन परवानगी काढतात ती हीच. नाशिकला धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस आहे त्यामुळे मुंबईला पळायची गरज नाही. काउंटरवरचा डबा असो, क्यूआर असो, नाहीतर व्हॉट्सअपच्या ग्रुपवर "सगळ्यांनी शंभर शंभर टाका" असो, लोकांकडून घेतलं की हा विषय आला. अर्जात पैसे परदेशात जाणार हे स्पष्ट लिहा, लपवू नका, आणि नंतर हिशोब द्यावा लागतो हे डोक्यात ठेवूनच पावतीपुस्तक छापा.

पण परवानगी मिळाली तरी अर्धंच काम झालं, कारण दुसरं कुलूप बँकेत आहे.

आपण सामान्य माणसं परदेशात पैसे पाठवतो ते रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीममधून, बँकेत सगळे नुसतं एलआरएस म्हणतात. २००४ पासून आहे. एका आर्थिक वर्षात एका माणसाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणजे आपल्यासारख्याला मर्यादेची काळजी नाही, काळजी दुसरीच आहे. ही स्कीम व्यक्तीसाठी आहे, कंपनी, भागीदारी फर्म, एचयूएफ म्हणजे हिंदू एकत्र कुटुंब, ट्रस्ट यांच्यासाठी नाही. माझं दुकान प्रोप्रायटरशिप आहे, म्हणजे कायद्याने मी आणि दुकान एकच, म्हणून मला जमतं. तुमची पार्टनरशिप असेल तर फर्मच्या खात्यातून पाठवायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक पार्टनरने आपापल्या सेव्हिंगमधून आपापल्या पॅनवर पाठवायचं.

आणि बँक विचारते हे पैसे कोणाचे. माझे, असं म्हणायचं तर ते खरोखर माझे पाहिजेत. दोनशे लोकांचे पन्नास-शंभर रुपये माझ्या खात्यात जमा करून मी माझ्या नावावर पाठवले तर ते माझे नाहीत, आणि उद्या इन्कम टॅक्सवाल्याने विचारलं तर वर्षात नातेवाईक सोडून इतरांकडून पन्नास हजाराच्या वर फुकट आलेली रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते, ते तुमचं नव्हतंच हे सिद्ध करत बसा मग. म्हणून माझं सरळ मत झालंय, छोट्या दुकानदाराने परदेशातल्या कामासाठी दानपेटी ठेवूच नये. माल विका, आणि आपल्या कमाईतून द्या. लोकांना सहभागी करून घ्यायचं असेल तर ते गिऱ्हाईक म्हणून घ्या.

मी आता असं करतो. दिवाळीला ड्रायफ्रूट चिवड्याचं अर्धा किलोचं एक वेगळं पाकीट काढतो, २१० रुपयाला. त्यात २०० माल आणि १० जीएसटी, पाकीटबंद नमकीनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून बाराचे पाच टक्के झाले ते आपल्याला बरं पडलं. पाकिटावर छोटं स्टिकर, "या पाकिटाच्या विक्रीमागे दुकानमालक स्वतःच्या कमाईतून २० रुपये थिका, केनिया येथील बालगृहाला देणार." वाक्य सीएने लिहून दिलंय, त्यातला शब्द न् शब्द मुद्दाम आहे, "स्वतःच्या कमाईतून" हे विशेष. बिलात वेगळी वीस रुपये देणगी म्हणून ओळ टाकायची नाही, ती टाकली की परत लोकांकडून गोळा केल्यासारखं झालं. जीएसटी पूर्ण दोनशेवर भरायचा, मी वीस देणार आहे म्हणून एकशे ऐंशीवर भरतो असं चालत नाही, एकाने मला असं सुचवलं होतं, ऐकू नका. आणि ते वीस रुपये धंद्याचा खर्च म्हणूनही दाखवायचे नाहीत, आधी नफा, मग त्यावर टॅक्स, मग उरलेल्यातून दान. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर वीस रुपये द्यायला पंचवीस कमवावे लागतात, वर सेस वेगळा. भाव ठरवतानाच हे धरा नाहीतर पाडव्याला हिशोब करताना तोंड पडतं.

"नफ्यातला दहा टक्के हिस्सा" असं कधी लिहू नका. तुमचा नफा किती ते गिऱ्हाईकाला कसं कळणार, तुम्हालाच मार्चशिवाय कळत नाही. रुपयात सांगा, पाकिटं मोजा. मी स्टिकर नंबर टाकून छापतो, एक ते बाराशे, उरलेले रीळ जपून ठेवतो, म्हणजे किती विकली यावर वादच नाही. एका दिवाळीला १,१५० गेली, त्याचे २३,००० झाले, मी दोन घालून पंचवीस केले.

आता ज्यांना खरंच मोठी रक्कम द्यायचीय त्यांचं काय. त्यांना सांगायचं, माझ्याकडे देऊ नका, थेट पाठवा. माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत पिंपळगावकडचे, द्राक्षं एक्सपोर्ट करतात, त्यांना तर बँकेत परदेशी व्यवहाराचं सगळं रोजचंच, मी फक्त अनाथाश्रमाचे कागद आणि खात्याची माहिती त्यांना दिली, त्यांनी स्वतःच्या नावावर पाठवले आणि पावती त्यांच्याच नावावर आली. मध्ये माझा हातच नाही लागला. याच्यासारखी शांत झोप नाही.

लोक टॅक्सचं विचारतातच, तेव्हा आधीच स्पष्ट बोलायचं. परदेशातल्या संस्थेला दिलेल्या पैशावर एटी-जीची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये मिळते ती सूट मिळत नाही, संस्था भारतातली लागते. काहीजण म्हणतात मग इथल्या एखाद्या ट्रस्टला देऊ आणि ते पुढे पाठवतील, पण ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर त्यांची करमाफी अडचणीत येते, त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते, म्हणून कुठलाही शहाणा ट्रस्टी त्याला हो म्हणणार नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्या समाजकामाला पैसे देतात त्याच्या मागे पण लागू नका, मी तीन चकरा मारल्या होत्या, तिसऱ्या वेळी एचआरच्या मॅडमनीच चहा पाजून सांगितलं की दादा, कंपनी कायद्यात सीएसआरचं काम भारतातच करायला लागतं, केनिया बसतच नाही. रोटरीमध्ये कोणी ओळखीचं असेल तर त्यांचं ग्लोबल ग्रँट म्हणून असतं, दोन्ही देशांतले क्लब मिळून करतात, पण त्याचं बजेट किमान ३०,००० डॉलर लागतं, आपलं चिवड्याचं गणित तिथे फार तर चहापाण्यात जाईल. आणि ते एफसीआरए एफसीआरए जे लोक म्हणतात ते बाहेरून भारतात येणाऱ्या पैशाचं, आपण बाहेर पाठवतोय त्याच्याशी संबंध नाही.

आता अनाथाश्रम. इथे जरा थांबायला हवं, कारण मला हे फार उशिरा कळलं.

जगभरात अनाथाश्रमात राहणाऱ्या पोरांपैकी बऱ्याच जणांचे आईबाप, निदान एक जण, जिवंत असतो. गरिबीमुळे ठेवलेलं असतं. आणि परदेशी पैसा येतोय म्हटल्यावर काही ठिकाणी पोरं गोळा करून अनाथाश्रम चालवायचा धंदाच झाला, इतका की ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या त्यांच्या आधुनिक गुलामगिरीविरुद्धच्या कायद्याच्या वेळी या अनाथाश्रमाच्या तस्करीची दखल घेतली. केनियाने २०१७ मध्ये नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली, मग २०२२ ला मुलांचा नवीन कायदा आणला, आणि २०२२ ते २०३२ अशी दहा वर्षांची योजना काढली की पोरांना हळूहळू संस्थेतून घराकडे, नातेवाईकांकडे, पालक कुटुंबाकडे न्यायचं. म्हणजे आपण इथे बसून "अनाथाश्रम वाढवा, अजून खोल्या बांधा" म्हणून पैसे पाठवणार आणि तिथलं सरकार म्हणतंय खोल्या कमी करा. मावसभावाशी यावर माझं चांगलं वाजलं होतं, त्याला वाटलं मी संशय घेतोय. नंतर त्यानेच जाऊन कागद मागितले.

काय मागायचं तर, संस्थेचं नोंदणीपत्र, तिथे अशा संस्थांना धर्मादाय बालसंस्था अशा अर्थाचं नाव आहे, त्याची तारीख चालू आहे का बघा. प्रत्येक पोरगं तिथे कोर्टाच्या आदेशाने ठेवलेलं आहे का ते विचारा, पोरांचे कागद मागू नका, ते आपल्याला बघायचा अधिकार नाही, फक्त "तुमच्याकडे सगळ्यांचे आदेश आहेत का आणि तुमच्या भागाचे बालअधिकारी शेवटचे कधी येऊन गेले" एवढंच. आणि माझा आवडता प्रश्न, गेल्या वर्षी किती पोरं घरी परत गेली. चांगली संस्था असेल तर हा प्रश्न विचारल्यावर बोलायलाच लागते, कोणाची आजी सापडली, कोणाचा मामा न्यायला आला, त्यांना दर महिन्याला काय मदत देतो वगैरे. ज्यांना हा प्रश्न आवडत नाही त्यांना चिवड्याचा एक रुपया पाठवू नका. आमच्यावाल्या बाईंनी चार पोरांचं सांगितलं, चौघंही काकू-आजीकडे गेलेली, आणि त्यांची शाळेची फी संस्थाच भरते. मग आम्ही ठरवलं की आपले पैसे या घरी गेलेल्या पोरांच्या शाळेला.

आणि हे वेळेत पण छान बसतं. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं. प्राथमिकची फी २००३ पासून माफ आहे, पण गणवेश, वह्या, बूट हे घरच्यांनाच बघावं लागतं आणि पुढे माध्यमिकचा खर्च वेगळाच. आपली दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, पाकिटं मोजून हिशोब नोव्हेंबरअखेर, बँकेतून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले की नाताळच्या सुट्ट्यांआधी पोचतात. उशीर केला की तिकडे सगळं बंद, पैसे जानेवारीत मिळाले तर बूट फेब्रुवारीत.

सामान पाठवायचा मोह आवरा. माझ्या दुकानात दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, जुने कपडे आहेत, स्वेटर आहेत, देऊ का. केनियात जुन्या कपड्यांचा एवढा मोठा बाजार आहे की त्याला मितुंबा म्हणून शब्दच आहे, नैरोबीच्या गिकोंबा बाजारात ढिगाने विकतात, म्हणजे इथून जुने कपडे पाठवायचे म्हणजे लासलगावला कांदा पाठवल्यासारखं. कुरियरचं भाडं, तिकडची कस्टम ड्युटी, कागदपत्रं, यात तिथे नवीन गणवेश शिवून होतो. खायचं पण तसंच. मी पहिल्यांदा म्हणालो होतो वीस किलो चिवडाच पाठवतो, मावसभाऊ हसला, म्हणे इथे सुपरमार्केटात चेवडा मिळतो आणि चपाती तर यांच्या रोजच्या जेवणातली. पोरं मक्याच्या पिठाची उगाली खातात, आपल्या उकडीसारखी घट्ट, आणि त्याच्यासोबत पालेभाजी, तिचं नाव सुकुमा विकी, म्हणजे आठवडा ढकलणारी. या नावावर बायको दोन दिवस हसत होती, आमच्याकडे महिनाअखेरीस पिठलं तेच काम करतं.

बँकेचं. आधी तुमच्या शाखेत विचारा की फॉरेक्सचं काम होतं का, छोट्या शाखेत नाही होत, मला एका ठिकाणी तासभर बसवून मग सांगितलं की हे आमच्याकडे होत नाही, तुम्ही मोठ्या ब्रँचला जा. फोन करून जा. नेताना पॅन, आणि संस्थेचं पत्र ज्याच्यावर नोंदणी नंबर, खात्याचं नाव, नंबर, बँकेचा पत्ता आणि स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड आहे. खात्याचं नाव नोंदणीपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. चालवणाऱ्या बाई कितीही देवमाणूस असल्या तरी त्यांच्या स्वतःच्या खात्यावर पाठवायचं नाही, आणि तिथलं मोबाईलवरचं एम-पेसा जे सगळे वापरतात त्यावर पण नाही, मग तुम्ही अनाथाश्रमाला दिले हे कागदावर कुठेच येत नाही.

बँकेत ए-टू फॉर्म भरायचा. त्यात पैसे कशासाठी चाललेत त्याचा कोड असतो, परदेशातल्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थांना देणगीचा कोड एस १३०३. काउंटरवरचा माणूस घाईत घरखर्चाचा, नातेवाईकांना पाठवतात तो टाकतो, माझा एकदा टाकला होता, सही करायच्या आधी बघा. केनिया फेब्रुवारी २०२४ मध्ये एफएटीएफच्या ग्रे लिस्टमध्ये गेला, म्हणजे पैशांच्या गैरव्यवहाराबाबत ज्या देशांवर जास्त लक्ष ठेवतात ती यादी, त्यामुळे बँकेने दोन प्रश्न जास्त विचारले तर चिडू नका, नोंदणीपत्राची झेरॉक्स पुढे करा. दहा लाखाच्या आत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, कापत नाहीत, ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून, आधी सात होती.

चार्जेसवर मात्र लक्ष द्या. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो तो लाखाच्या आत असेल तर रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के, आणि कमीत कमी ४५ रुपये. माझ्या पंचवीस हजारावर बरोबर ४५ बसले. ते काही नाही, पण बँकेची फी, मधल्या बँकेची कापाकापी आणि मुख्य म्हणजे डॉलरचा भाव, यात खरे पैसे जातात. दर महिन्याला दोन हजार असं पाठवलं तर फीमध्येच वाट लागेल, वर्षातून एकदाच पाठवा. दोन बँकांना त्याच दिवशी, त्याच तासात भाव विचारा. आणि सगळे चार्ज पाठवणारा भरेल असा पर्याय फॉर्मवर असतो तो निवडा, नाहीतर तिथे पोचताना रक्कम कमी होते आणि तुमची पावती जुळत नाही. एक केनियन शिलिंग साधारण पासष्ट-सत्तर पैशांना पडतो, पंचवीस हजाराचे तिकडे छत्तीस हजाराच्या आसपास. पैसे गेल्यावर स्विफ्टची कॉपी, म्हणजे बँकेने पैसे पाठवल्याचा कागद, मागून घ्या, ती लगेच मिळते पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

फोटोंचं एक. आपल्या नाशिकला काहीही झालं की चौकात फ्लेक्स. एका मित्राने मोफत फ्लेक्स करून देतो म्हणून पोरांचे रडके चेहरे मागितले होते. नाही दिले. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये अशा पोरांची ओळख उघड करायला मनाई आहे, केनियात २०१९ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आणि कायदा सोडा, माझ्या पोराचा फोटो कोणी थिकाच्या किराणा दुकानावर "याला मदत करा" म्हणून लावला तर मला चालेल का. मी बुटांच्या खोक्यांचा फोटो लावतो. एका वर्षी पाण्याच्या टाकीचा लावला होता. लोकांना तेवढं पुरतं, उलट लोक विचारतात टाकी किती लिटरची.

आणि आता तो प्रश्न जो रोज येतो, तुम्हालाही येणार. "केनियात कशाला, आपल्या सुरगाण्यात, पेठला, त्र्यंबकच्या पाड्यांवर काय कमी आहे का?" पहिल्यांदा मला राग यायचा. मग लक्षात आलं की विचारणारा बरोबर आहे, आणि त्याला भाषण द्यायचं नाही. मी म्हणतो काका, बरोबर आहे, तिथे पण द्यायला पाहिजे, तिथे देऊन एटी-जीची सूट पण मिळते. हे मी करतोय कारण माझा भाऊ दर रविवारी तिथे जातो, मला आतली बातमी रोज मिळते, जिथे डोळा आहे तिथे पैसा दिलेला बरा. निम्मे लोक पटलं म्हणतात, निम्मे नाही म्हणतात पण चिवडा घेऊन जातात. एक मावशी आहेत, त्या मुद्दाम साधं पाकीट घेतात, स्टिकरवालं नाही, आणि सुटे परत घेताना म्हणतात हे माझे वीस मी पेठला देते. देतात सुद्धा, मला पावती दाखवली एकदा. मी त्यांना केनियाचं काही बोलत नाही.

हिशोब कसा दाखवायचा तर, डिसेंबरला एक कागद, किती पाकिटं गेली, किती रुपये झाले, मी किती घातले, बँकेने किती कापले, तिकडे किती शिलिंग मिळाले. पेनने लिहिलेला. खाली संस्थेच्या पावतीची झेरॉक्स. सगळा काचेखाली, बिल द्यायच्या जागी, म्हणजे माणूस पैसे देताना नजर जातेच. संस्थेची पावती यायला उशीर झाला तर तसं लिहा, "पावती यायची आहे". एका वर्षी जानेवारीच्या वीसपर्यंत आली नव्हती, लोक रोज विचारायचे, मी रोज मावसभावाला फोन करायचो, तिकडची वेळ आपल्या अडीच तास मागे त्यामुळे सकाळी भट्टी पेटवताना फोन केला की तो झोपेत. शेवटी संस्थेच्या बाईंनी शाळेच्या फीच्या चार पावत्या पण सोबत पाठवल्या, मग एकदम जाड गठ्ठा झाला, काचेखाली मावेना.

स्टिकरची ऑर्डर जुलैतच द्या. ऑगस्टला प्रिंटिंगवाले गणपतीच्या पावतीपुस्तकांत आणि बॅनरमध्ये अडकलेले असतात, फोन उचलत नाहीत, आणि मग नवरात्रात घाईने केलेल्या स्टिकरचा गम पाकिटाच्या तेलकट हाताने सुटतो. आमचे तीनशे तसेच गेले.